सोलापुरात बसून ब्राझीलच्या क्लबचा इतिहास कसा अभ्यासावा : वास्को द गामाचे उदाहरण

विश्वचषक आला की सोलापुरातही ब्राझीलच्या पिवळ्या जर्सी दिसू लागतात, परंतु ते खेळाडू ज्या क्लबांत घडतात त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. वाचनालयात अर्ध्या तासाचे व्याख्यान द्यायचे असेल, शाळेतल्या मुलांना एखादा विषय नीट समजावून सांगायचा असेल किंवा केवळ स्वतःच्या समाधानासाठी अभ्यास करायचा असेल, तर सगळ्या ब्राझीलवर झडप न घालता एकच क्लब निवडावा. माझी शिफारस रिओ द जानेरोच्या वास्को द गामाची आहे. याहून अधिक चषक जिंकलेले क्लब ब्राझीलमध्ये आहेत, परंतु मैदानावर कोणाला उतरू द्यायचे या प्रश्नावर इतकी ठाम भूमिका घेतलेला क्लब मला दुसरा दिसत नाही.

अभ्यासाची सुरुवात चषकांच्या यादीपासून करू नये. क्लब कोणी, कशासाठी आणि कोणत्या वस्तीत काढला, हे आधी पाहावे. वास्कोची स्थापना २१ ऑगस्ट १८९८ रोजी झाली, आणि तीही फुटबॉलसाठी नव्हे, तर नौकानयनासाठी. रिओमधल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि दर्यावर्दी वास्को द गामा समुद्रमार्गाने कालिकतला पोहोचल्याला त्या वर्षी चारशे वर्षे होत असल्याने त्याचे नाव क्लबला देण्यात आले. आपल्या किनाऱ्याला या नावाच्या कडू आठवणी आहेत. श्रोत्यांमधून तो प्रश्न येणारच, तेव्हा त्याला बगल न देता क्लब काढणारे लोक रिओतले व्यापारी आणि नोकरदार होते हे स्पष्ट सांगावे. १९०४ मध्ये कांदिदो जोझे दि आराउजो हे मिश्रवर्णीय गृहस्थ क्लबचे अध्यक्ष झाले, ही नोंदही येथेच घ्यावी, कारण पुढच्या घटनांची ती पूर्वपीठिका आहे. फुटबॉल विभाग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१५ मध्ये सुरू झाला.

आता १९२३ ते १९२७ या काळावर यावे आणि निम्मा वेळ येथेच द्यावा. १९२२ मध्ये रिओच्या स्पर्धेचा दुसरा विभाग जिंकून वर आलेल्या वास्कोने १९२३ मध्ये, पहिल्या विभागातल्या पहिल्याच वर्षी, रिओचे विजेतेपद मिळवले. संघात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे कामगार होते. फुटबॉल ही प्रतिष्ठित घरांतल्या तरुणांची हौस आहे असे मानणाऱ्या क्लबांना हे रुचले नाही. १९२४ मध्ये फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो आदींनी नवी संघटना काढली आणि वास्कोने आपले बारा खेळाडू वगळावेत अशी अट घातली. रंगाचा उल्लेख उघडपणे नव्हता. खेळाडू काय काम करतो, त्याला लिहिता-वाचता येते का, क्लबचे स्वतःचे मैदान आहे का, असे प्रश्न पुढे करण्यात आले.

ज्या घरातले आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत किंवा लक्ष्मी-विष्णू गिरणीत पाळीवर जात होते, त्या घरातल्या श्रोत्याला या अटींचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. हजेरीपटावर अंगठा उमटवणाऱ्या माणसाला खेळाच्या मैदानातून बाहेर ठेवण्याची ती व्यवस्था होती.

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी संघटनेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. हे पत्र लहान आहे. शक्य असल्यास त्याचे पूर्ण भाषांतर करून वाचून दाखवावे. हे बारा खेळाडू बहुतेक सगळे ब्राझिलियन तरुण आहेत, त्यांची कारकीर्द नुकती सुरू झाली आहे, त्यांच्यावर डाग लावणाऱ्या कृतीत आम्ही सहभागी होणार नाही आणि म्हणून आम्हीच या संघटनेतून माघार घेतो, असा त्याचा आशय आहे. पत्रात कोठेही आवाज चढलेला नाही, तरी प्रत्येक वाक्य ठाम आहे. आजही क्लबमध्ये ते ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणूनच ओळखले जाते. पुढच्याच वर्षी वास्कोला त्या संघटनेत प्रवेश मिळाला. मैदान नसल्याच्या आक्षेपाला उत्तर म्हणून सभासदांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून साओ जानुआरियो स्टेडियम बांधले. २१ एप्रिल १९२७ रोजी उद्घाटन झाले तेव्हा ते ब्राझीलमधले सर्वांत मोठे स्टेडियम होते. उद्घाटनाचा सामना वास्कोने सान्तोसविरुद्ध ३-५ असा गमावला, हेही सांगावे. त्याने वर्गणीदारांच्या कर्तृत्वाला काहीही उणेपणा येत नाही.

या टप्प्यावर एक सावधगिरी आवश्यक आहे. कृष्णवर्णीय खेळाडूला संधी देणारा वास्को हा ब्राझीलमधला पहिलाच क्लब, असे विधान वारंवार वाचायला मिळते. ते करू नये. रिओच्याच बांगू या कापड गिरणीच्या क्लबातून फ्रान्सिस्को कारेगाल १९०५ मध्ये खेळत होते. वास्कोचे मोठेपण पहिलेपणात नाही. अशा संघाने विजेतेपद मिळवले आणि दबाव आल्यावर क्लबने खेळाडूंना सोडले नाही, यात ते आहे.

यापुढे चषकांकडे वळताना तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर गोंधळ होतो : राज्याचे विजेतेपद, राष्ट्रीय विजेतेपद आणि खंडपातळीवरचे विजेतेपद. आजच्या स्वरूपाची राष्ट्रीय स्पर्धा १९७१ पासूनची असल्याने त्याआधीच्या काळात राज्याच्या विजेतेपदाला किती मान होता, हे लक्षात घ्यावे. १९४० च्या दशकातला वास्कोचा संघ ‘विजयाची एक्सप्रेस’ म्हणून ओळखला जाई. १९४८ मध्ये चिलीतल्या सान्तियागो येथे झालेली दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा त्याने जिंकली. १९५० च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्धच्या निर्णायक सामन्यात उतरलेल्या ब्राझीलच्या अकरांपैकी बार्बोझा, आउगुस्तो, दानिलो, अदेमिर आणि शिको हे पाच जण वास्कोचे होते, आणि प्रशिक्षक फ्लावियो कोस्ताही वास्कोचेच.

राष्ट्रीय विजेतेपदे चार : १९७४, १९८९, १९९७ आणि २०००. खंडपातळीवरचा सर्वांत मोठा मान, म्हणजे लिबेर्तादोरेस चषक, शताब्दीच्या वर्षी आला. २६ ऑगस्ट १९९८ रोजी, शंभराव्या वाढदिवसानंतर पाचच दिवसांनी, ग्वायाकिल येथे बार्सिलोना या इक्वेडोरच्या क्लबला हरवून. एकच सामना पूर्ण पाहायचा असेल तर २० डिसेंबर २००० चा, मेर्कोसुर चषक या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहावा. प्रतिस्पर्धी पाल्मेइरास क्लबच्या मैदानावर मध्यंतराला ०-३ असा मागे असलेला वास्को, एक खेळाडू बाहेर काढला गेल्यावरही, ४-३ ने जिंकला. तीन गोल रोमारियोचे, त्यातला शेवटचा नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत.

उतरणही तितक्याच काळजीने लिहावी. २००८, २०१३, २०१५ आणि २०२० असा चार वेळा वास्को दुसऱ्या श्रेणीत घसरला. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्याने ब्राझील चषक जिंकला होता, त्यामुळे ही एकसलग अधोगती होती असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेत १९० गोल करून विक्रम करणारे रोबेर्तो दिनामिते पहिल्या घसरणीच्या वेळी क्लबचे अध्यक्ष होते, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. मैदानावरचा पराक्रम आणि कर्जबाजारी संस्थेचा कारभार यांसाठी लागणारे गुण किती वेगळे असतात, ते येथे दिसते. २०२१ च्या कायद्याने क्लबांना कंपनीचे रूप घेण्याची मुभा दिली. २०२२ मध्ये वास्कोने फुटबॉल विभागाचा ७० टक्के हिस्सा एका अमेरिकी गुंतवणूकदार कंपनीला विकला आणि २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिचे नियंत्रण स्थगित झाले. वर्गणीतून स्टेडियम बांधणाऱ्या सभासदांच्या क्लबमध्ये हे घडले, म्हणून या प्रकरणाला १९२७ च्या शेजारी ठेवून वाचावे.

साधनांबाबत थोडक्यात. ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. पोर्तुगीज येत नसेल तर यांत्रिक भाषांतर चालेल, पण तारखा, गोलसंख्या आणि नावे मूळ पानावरून पडताळून घ्यावीत. चालू सामने पाहायचे असतील तर रिओचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे, हे ध्यानात ठेवावे. तिकडचा रविवारी दुपारी चारचा सामना सोलापुरात मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतो, तर बुधवारी रात्री साडेनऊचा सामना आपल्याकडे गुरुवारी सकाळी सहाला. नोकरी-धंदा सांभाळून अभ्यास करणाऱ्याला हा सकाळचाच सामना सोयीचा पडतो.