जुन्या तांब्या-पितळेच्या शोधात निवांत रोड ट्रिप: पुणे ते औंध

जुन्या वस्तू म्हटलं की लोक थेट मुंबईच्या चोर बाजाराचं नाव घेतात, पण तुम्हाला घरातली तांब्या-पितळेची भांडी आवडत असतील तर पुणे-वाई-सातारा-औंध (सातारा जिल्ह्यातलं औंध, पुण्यातलं नव्हे) असं तीन-चार दिवस निवांत फिरा.

निघायचं शनिवारी, आणि त्या दिवशी काहीच विकत घ्यायचं नाही. पुण्यात राजा केळकर म्युझियममध्ये दोन-तीन तास द्या, दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेले अडकित्ते, दिवे, भांडी नीट बघा, त्याने नजर तयार होते. वेळ उरला तर कसब्यातल्या तांबट आळीत चक्कर मारा, तिथलं मठारकाम म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके एकदा बघितले की पुढे हातचं काम लगेच ओळखू येतं.

रविवारी सकाळी लवकर पुण्यातला जुना बाजार. खिशात लोहचुंबक ठेवाच. मी एकदा एका दुकानातून पितळी म्हणून समई आणली आणि घरी चुंबक चटकन चिकटला, आत सगळं लोखंड! हिरवट डागही बोटाने चोळून बघा, मुद्दाम चढवलेला रंग बऱ्याचदा हाताला लागतो, खरा जुना मळ मात्र नक्षीच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो.

मग वाई. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आरामात बघा आणि दुपारी गावातल्या भांड्यांच्या दुकानात जा, आणि खरं सांगायचं तर या ट्रिपचा जीव इथेच आहे. लोक जुनी भांडी वजनावर मोडीत देऊन नवीन स्टील नेतात, ती मोड दुकानाच्या मागे पोत्यात पडलेली असते आणि पुढे वितळवायला जाते. "काका, मोडीत काही आलंय का, बघू का जरा?" एवढं विचारा. मला अशाच ढिगात एक गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, मिळाला, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, "चि. सौ. कां. हिस आईकडून, १९३८". असं नाव घातलेलं भांडं दिसलं तर फार घासाघीस करू नका, मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या आणि घेऊन या.

साताऱ्यात मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी औंधचं भवानी संग्रहालय बघा, औंध संस्थानच्या राजांचा, पंतप्रतिनिधींचा संग्रह आहे, सुट्टीचा वार आधी फोनवर विचारून घ्या.

देवांच्या जुन्या मूर्ती कागदपत्रांशिवाय अजिबात घेऊ नका. आणि परदेशातल्या नातेवाईकांसाठी घेत असाल तर १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही.

निघण्याआधी डिकी मोजून ठेवा, घंगाळ, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं भांडं, वाटतं त्यापेक्षा मोठं निघतं. जुन्या साड्या, गोधड्या गुंडाळायला न्या, सुट्टे पैसे ठेवा, आणि घरी आल्यावर स्वयंपाकात वापरायचं भांडं आधी कल्हई करून घ्या.