उजेड आणि अणू : क्वांटम ऑप्टिक्स शिकताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. कितीतरी वर्षं मी बी.एस्सी.च्या पोरांना छातीठोकपणे सांगत आलो, की प्रकाशविद्युत परिणाम (धातूवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटणं) म्हणजे फोटॉनचा, म्हणजे उजेडाच्या सुट्या कणाचा, पक्का पुरावा. गाईडात तसंच लिहिलंय, पेपरातही तसंच चालतं. मग एका उन्हाळ्यात लॅम्ब आणि स्कली या भौतिकशास्त्रज्ञांचं १९६९ चं गणित हाती लागलं आणि माझीच शिकवणी झाली. प्रकाश साधी लाट मानायचा, फक्त इलेक्ट्रॉन क्वांटमच्या नियमांनी चालवायचे. तरीही उंबरठा वारंवारता (जिच्याखाली इलेक्ट्रॉन सुटतच नाही) निघते, सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं आइन्स्टाइनचं समीकरण निघतं, इलेक्ट्रॉन विनाविलंब सुटणंही निघतं. वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून आलंच, "सर, मंग फोटॉन हायच नाही का?"

हाय. पण पुरावा दुसरीकडे आहे. उजेड सुट्या पुड्यांनी येतो ही आइन्स्टाइनची १९०५ ची कल्पना खरीच ठरली, फक्त तेवढ्या एका प्रयोगाने ती सिद्ध होत नाही. पहिली चूक हीच.

ज्वारी हुरड्यावर आली की मचाणावर बसून गोफण मारणारा माणूस आठवा. एक दगड सुटला की दुसरा गोफणीत घालायला वेळ लागतोच. एका गोफणीतून दोन दगड एकदम कधी सुटत नाहीत. एकटा अणू तसाच. फोटॉन सोडला की तो खालच्या पातळीवर येतो; पुन्हा वर चढल्याशिवाय दुसरा सोडू शकत नाही. किंबल, डॅगेने आणि मँडेल यांनी १९७७ मध्ये सोडियमच्या अणूंच्या विरळ झोतावर हेच मोजलं : एका फोटॉनच्या पाठोपाठ लगेच दुसरा येत नाही. साध्या लाटेच्या गणितातून हे कसंही निघत नाही. आकृत्या पाठ करण्याआधी फोटॉन मोजणाऱ्या यंत्राच्या दोन क्लिकमधलं अंतर बघायला शिका, या विषयाचा जीव तिथे आहे.

दुसरी चूक याच्याच पोटातली. "लेझर खूप मंद केला की एकेक फोटॉन येतो." नाही येत. ६५० नॅनोमीटरच्या १ मिलिवॅट लाल लेझर पॉइंटरमधून सेकंदाला ३ वर १५ शून्यं इतके फोटॉन सुटतात. फिल्टरवर फिल्टर लावून लेझरच्या एका स्पंदात (क्षणभराच्या झोतात) सरासरी ०.१ फोटॉन उरला असं धरा. १००० स्पंदांपैकी साधारण ९०५ रिकामे जातील, ९० मध्ये एक असेल आणि चार-पाचांमध्ये दोन किंवा जास्त. अजून मंद करा, रिकामे वाढतील. पण फोटॉनचं यादृच्छिक येणं तसंच राहील. मंद लेझर म्हणजे दूरवर अंदाधुंद दगड मारणाऱ्या शंभर गोफणी. दगड कमी झाले म्हणून गोफण एकच झाली असं होत नाही. पोरांकडून हे पॉयसनचं (यादृच्छिक घटना मोजण्याचं) गणित हाताने करून घ्या, कॅल्क्युलेटर पाच मिनिटं पुरतो.

आता प्रॅक्टिकल. अणू आपल्याला हवा तोच प्रकाश कसा निवडतो हे बघायला मिठासारखी स्वस्त गोष्ट नाही. सोडियम दिवा चांगला तापू द्या, समोर भिंतीवर पांढरा कागद लावा, मध्ये स्पिरिटचा दिवा ठेवा. तारेला कापूस गुंडाळा (तो आपल्याकडे कमी नाही), मिठाच्या दाट पाण्यात बुडवा आणि ज्योतीत धरा. कोरडं मीठ टाकू नका, तडतडून डोळ्यात उडतं. ज्योत पिवळी होते आणि कागदावर तिची चक्क काळी सावली पडते, धुरासारखी हलणारी. ज्योतीला सावली! पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचा शिपाईसुद्धा काम सोडून उभा राहिला होता.

इथे हमखास घोटाळा होतो. सोडियम दिवा बिघडलेला असला की पोरं मोबाइलचा टॉर्च लावतात, आणि मग सावली दिसत नाही. सोडियमचा अणू ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश घेतो. टॉर्चमध्ये बाकी सगळे रंग असतात; त्यातली ती बारीकशी फट गेली तर डोळ्याला काय कळणार?

आणि "शोषला म्हणजे संपला" असं लिहू नका. अणू ती ऊर्जा सुमारे १६ नॅनोसेकंद धरतो आणि कुठल्याही दिशेला सोडून देतो. ज्योतीत कित्येकदा टकरीतच ती उष्णता होऊन जाते. सरळ येणारा उजेड मात्र घटतो, म्हणून सावली. अणूचं हे आपोआप सोडणं साध्या लाटेच्या गणितात नीट बसत नाही. त्यासाठी प्रकाशाचं क्षेत्रही क्वांटम मानावं लागतं.

एलईडी किती विद्युतदाबाला पेटतो यावरून प्लांकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांचं गुणोत्तर) काढताना बहुतेक जर्नलांत उत्तर भलतंच येतं. कारण एकच : "पेटला" हे उघड्या खिडकीशेजारी डोळ्याने ठरवलेलं. ठिबकची काळी १६ एमएमची नळी हातभर कापा, एका टोकाला एलईडी बसवा, दुसऱ्याला डोळा. तरीही लाल आणि निळ्याला डोळा हिरव्याइतका तेज नसतो, म्हणून विद्युतप्रवाह-विद्युतदाबाचा आलेख काढून त्याची सरळ बाजू खाली वाढवा. पांढरा एलईडी घेऊ नका. तो आतून निळाच असतो, वर फॉस्फरचा (निळ्याचे दुसरे रंग करणाऱ्या पदार्थाचा) लेप.

स्वस्तातल्या हिरव्या लेझर पॉइंटरमधून न दिसणारे अवरक्त किरणही गळू शकतात. तो डोळ्यांकडे नको, चमकत्या ताटलीवरही नको.

राहिला लॅबमधला पारा दिवा (पाऱ्याच्या वाफेचा). भारनियमनात तो मध्येच विझला तर लाइट आल्याबरोबर पेटत नाही. आतली वाफ गरम, दाब जास्त. पोरं बटण खालीवर करत बसतात आणि चोक खराब झाला म्हणून माझ्याकडे येतात. चार-दहा मिनिटं थंड होऊ द्या, तोवर मागचं वाचन वहीत उतरवून घ्या.