रॅम घेताना आधी काय बघाल: वेग की जागा?

मला कुणी विचारलं की मी आधी एवढंच करायला लावतो: रोजची सगळी कामं, ब्राउझरच्या टॅबसकट, उघडी ठेवा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला (संगणकावर काय किती चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम) मेमरीचा, म्हणजे रॅम किती भरली त्याचा, आकडा बघा. तो ८५-९० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर जागाच वाढवा. रॅम भरली की विंडोज डेटा डिस्कवर टाकतं, आणि एसएसडी ही वेगवान डिस्कसुद्धा रॅमपुढे फारच मंद. अशा वेळी ३२०० ऐवजी ३६०० वेगाची रॅम घेऊन काही हाती लागत नाही.

निम्मी रिकामी दिसली तर वेगाकडे वळा, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसून ग्राफिक्सचं काम मुख्य प्रोसेसरच करत असेल तर. असं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतं, दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात. बसवल्यावर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका.