ठाण्याहून जर्मनीला मास्टर्स: सेकंड इयर, थर्ड इयरवाल्यांनी आत्ताच वाचा

मी ठाण्याच्या सावरकरनगरची, मुंबई युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल, सीजीपीआय (दहापैकी सरासरी) ७.४ आणि सेम फोरला एक केटी, म्हणजे एक विषय राहिलेला. हे आधीच सांगून टाकते कारण बाहेर शिकायला जाणं म्हणजे टॉपर लोकांचं नाहीतर पैसेवाल्यांचं काम असं मला लास्ट इयरपर्यंत वाटायचं आणि त्यात माझं अख्खं एक वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये. बाबा रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, आई घरून डबे देते. २०२४ च्या सप्टेंबरात मी केमनिट्सला आले, जर्मनीच्या पूर्वेला सॅक्सनी राज्यात आहे, आणि इथे माझ्यासारखी साध्या घरातली मराठी पोरं बरीच भेटली.

आधी मार्कांचं बघू. जर्मनीत १ सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास, आपल्या उलट. बदल करायचं साधं गणित आहे, दहातून तुमचा सीजीपीआय वजा करा, त्याला ३ ने गुणा, मग दहा वजा पासिंग (आपलं ४, म्हणजे ६) ने भागा आणि शेवटी १ मिळवा. माझे ७.४ म्हणजे २.३ झाले. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंत चालतं. हे गणित मला सेकंड इयरला कोणी करून दाखवलं असतं तर मी केटी नंतर रडत बसले नसते, पुढच्या सेमला लागले असते.

आता पैसे, कारण घरी खरा प्रश्न तोच असतो. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाहीये, दर सेमला शंभर ते साडेतीनशे युरोच्या आसपास वर्गणी भरायची, त्यात बऱ्याचदा बस-ट्रामचा पास पण येतो. सगळीकडे असं नाही हां, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमला १,५०० युरो आहेत, म्हणून प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन स्वतः बघा. मोठी रक्कम लागते ती ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. मी व्हिसाला अर्ज केला तेव्हा ११,२०८ युरो होते, नंतर सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले, म्हणजे तेव्हाच्या दराने ११ लाख रुपयांच्या आसपास. आकडा ऐकून आई खालीच बसली, तिला ते डोनेशन वाटलं. पण ते पैसे आपलेच असतात, तिकडे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो आपल्याच खात्यात येतात आणि त्यातच राहायचं-खायचं. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा, अर्धी भीती तिथेच जाते.

लोनला आमची गाडी भलतीकडेच अडली. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, आम्ही घर ठेवायला गेलो तर आमच्या बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही म्हणून बँकेने घर घेतलंच नाही. वीस वर्षं त्या घरात राहतोय, मेंटेनन्स भरतोय, आणि कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की ओसी नाहीये. शेवटी मामाची एफडी, बाबांच्या पीएफमधले थोडे आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून जमलं. त्या पाटल्यांचं मला अजून लागतं. म्हणून म्हणते, अ‍ॅडमिशन यायच्या वर्षभर आधी बँकेत जाऊन फक्त विचारून या की आमचं घर तारण चालेल का. ठाण्यात ओसी नसलेल्या बिल्डिंगी काय कमी नाहीत. टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून लोन स्कॉलरशिप देते ती बघा, आणि एससी कॅटेगरीत असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नक्की बघा.

एका कन्सल्टंटकडे पण गेलो होतो, त्याने फुकट मार्गदर्शन म्हणून तासभर फक्त प्रायव्हेट कॉलेजंच दाखवली, वर्षाला दहा-बारा लाख फीवाली. अशा लोकांना बऱ्याचदा कॉलेजकडून कमिशन मिळतं. त्यापेक्षा डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) साइट उघडा, कोर्स, फी, डेडलाइन सगळं आहे तिथे, फुकट.

भाषा. कोर्स इंग्लिशमधे होता तरी मी जर्मन भाषेची बी१ (मधली पातळी) करून आले आणि हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. शनिवार-रविवार ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून चालत काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन, तिथे जर्मनचा क्लास, आणि लेडीज डब्यात शब्दांची वही. सगळे घाबरवतात की जर्मनमधे तीन लिंगं आहेत, अरे पण आपल्याला काय नवीन आहे त्यात, चमचा तो, सुरी ती, ताट ते, आपण जन्मापासून बोलतोय! लिंग जुळेलच असं नाही, जर्मनमधे काटा बाई आहे आणि सुरी नपुंसक, पण प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि ते शब्दाबरोबरच पाठ करायचं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तसंच 'कारण'ने सुरू होणारं वाक्य घ्या, 'कारण मला वेळ नाहीये', क्रियापद शेवटी, जर्मनमधे पण अशा वाक्यात ते शेवटीच जातं. क्लासमधे इंग्लिश मीडियमची मुलं तिथे अडायची आणि मी मनात मराठीत वाक्य लावून बोलायचे, पटकन यायचं. मराठी मीडियमवाल्यांनो, तुमची भाषा इथे तुमच्या कामाला येते.

भाषा का लागते तर पार्ट टाइम जॉब (वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतो), डॉक्टर, घरमालक, सगळीकडे. कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते भाषेशिवाय खूप पटकन संपतात.

कागदपत्रांत एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-डिग्री खरी आहे हे तपासून मिळतं ते) नोव्हेंबर २०२२ पासून कंपलसरी आहे, फी १८,००० रुपये, त्याशिवाय व्हिसा नाही. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमच्या मार्कांचा एकत्र कागद) मुंबई युनिव्हर्सिटीच्या कलिना कॅम्पसच्या फेऱ्या धरून चाला. रूमसाठी स्टुडंट हॉस्टेलचा अर्ज अ‍ॅडमिशन आल्याच्या दिवशीच करा, मी तीन आठवडे उशीर केला आणि पहिला दीड महिना एका सीनियर ताईच्या रूमवर काढला. रूम न बघता कोणी डिपॉझिट मागितलं तर देऊ नका.

नोव्हेंबर जड जातो. साडेचारला अंधार पडतो, तलावपाळीची गर्दी आठवते, घरी फोन केला की आवाज भरून येतो. हे सगळ्यांना होतं, मेसमधे कोणाबरोबर तरी बसून जेवा, एकटं जेवू नका.

घरी शेवटपर्यंत विरोध काकांचा होता, मुलीला एवढं लांब कशाला म्हणून. आजी मूळची कल्याणची, ती एवढंच म्हणाली, "आमच्या कल्याणची आनंदी जोशी डॉक्टरकी शिकायला १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेली, अठरा वर्षांची होती." काका मग एअरपोर्टला सोडायला आले.

मागच्या सुट्टीत घरी होते तेव्हा खालच्या मजल्यावरची मुलगी आली, ऐरोलीला थर्ड इयरला आहे, ६.९ आहेत. आम्ही गणित केलं, २.५५ आलं. अजून दोन सेम आहेत तिच्या हातात. पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग मार्कशीटपेक्षा वेगळं निघालं, तर दुसऱ्याच दिवशी तिच्या बाबांनी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट घेतली, आणि ती माझी शब्दांची वही घेऊन गेली.