फोन किंवा स्मार्ट घड्याळ पेमेंट मशीनला टॅप केलं की प्रत्येक वेळी तेच कार्ड चालायला हवं? मग हे करा

सगळीकडे एकाच खात्यानं लॉगिन केलं की पेमेंटची सेटिंग्ज आपोआप सारखी होतात, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. डीफॉल्ट कार्ड, म्हणजे टॅप केल्यावर आपोआप चालणारं कार्ड, प्रत्येक उपकरणावर वेगळं निवडावं लागतं.

आधी रोजचं कार्ड ठरवा आणि ते फोनवरच्या, घड्याळावरच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डं ठेवायच्या ॲपमध्ये टाका. स्क्रीन लॉक काढू नका. आयफोनचा पासकोड बंद केला की ॲपल पे या त्याच्या पेमेंट सेवेतली कार्डं जातात.

अँड्रॉइडवर एनएफसी, म्हणजे मशीनशी जवळून बिनतारी बोलायची सोय, सुरू करा.

खरी गोची इथून पुढे. अँड्रॉइडवर निवड दोन ठिकाणी होते. टॅप केल्यावर कोणतं ॲप पुढे येणार, हे फोनच्या सेटिंग्जमध्ये ठरतं. त्या ॲपमधलं कोणतं कार्ड चालणार, हे ॲपमध्ये. लोक वॉलेटमध्ये कार्ड बदलतात आणि सेटिंग्जकडे बघतच नाहीत. मेनूची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत सरळ ‘कॉन्टॅक्टलेस’ टाइप करा.

बऱ्याच फोनवर तिथेच आणखी एक पर्याय असतो: डीफॉल्ट ॲप नेहमी वापरायचं, की दुसरं पेमेंट ॲप उघडं असेल तर त्याला मान द्यायचा. माझं ऐका, ‘नेहमी’ ठेवा. नाहीतर काउंटरवर शिल्लक बघायला बँकेचं ॲप उघडाल, त्याच अवस्थेत फोन मशीनला लावाल आणि पैसे भलत्याच कार्डावरून जातील. शिवाय काही बँकांची ॲप्स उघडताच ‘डीफॉल्ट करू का?’ विचारतात, घाईत ‘हो’ दाबलं की सगळी मेहनत पाण्यात. नवं पेमेंट ॲप टाकलं की हा पडदा पुन्हा तपासा.

ॲपल वॉचचं डीफॉल्ट कार्ड आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये निवडा. आयफोनच्या वॉलेटमध्ये बदललेलं घड्याळाला कळत नाही.

काही बिनसलं की ‘कार्ड काढून परत टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. प्रत्येक उपकरणाला कार्डासाठी स्वतंत्र क्रमांक मिळतो. म्हणूनच पावतीवरचे शेवटचे चार अंक प्लॅस्टिकच्या कार्डाशी जुळत नाहीत. कार्ड परत टाकलं की हा क्रमांकही नवा येतो, आणि वस्तू परत करायला गेलात की दुकानदाराला जुना व्यवहार सापडत नाही. रिफंड घेतानाही ज्या उपकरणानं पैसे भरले तेच पुढे करा, फोनच्या जागी घड्याळ नको.

आयफोनवर ‘एक्स्प्रेस ट्रान्झिट’चं, म्हणजे बस-मेट्रोच्या प्रवासासाठीचं कार्डही वेगळं निवडलेलं असतं, आणि ते चेहरा किंवा बोटाचा ठसा न विचारता पैसे देतं. तेही एकदा उघडून बघा.