आधी बाटलीची पाठ वाचा

मी पहिल्यांदा मस्कादे ही फ्रेंच पांढरी वाईन प्यायले, तेव्हा ती बाटली तासभर बर्फात बुडालेली होती. लिंबाचे चार थेंब पिळलेलं पाणी, एवढीच चव लागली. ग्लास बाजूला सरकवून मी गप्पा मारत बसले. अर्ध्या तासाने सहज उचलला तर ओल्या दगडासारखा वास आला, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला खारटपणा रेंगाळत राहिला. वाईन तीच होती, नुसती थोडी कोमट झाली होती.

म्हणून पहिलं सांगणं हेच: अनोळखी पांढरी वाईन फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखू नका. वीस मिनिटं बाहेर राहू द्या. हलकी, आंबटसर असेल तर 8 ते 10 अंश सेल्सियस, भरदार असेल तर 12 अंशही चालतात. फार गार वाईनचा वासच उठत नाही, आणि अनोळखी वाईनची ओळख तर वासातूनच पटते.

आता शोधायचं कुठे? मी नावाजलेल्या वाईनच्या शेजारी शोधते. फ्रान्समधला बर्गंडी प्रांत म्हटलं की सगळे शार्दोने द्राक्षाच्या वाईनकडे धावतात. पण तिथेच आलिगोते नावाचं पांढरं द्राक्ष आहे, आणि बूझरोन या गावाच्या नावाने निघणारी वाईन फक्त आलिगोतेचीच असते. फ्रान्समधल्याच लुआर नदीकाठी सॉंसेरच्या वाईनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. नदीच्या खालच्या अंगाला साव्हेनिएरमध्ये शेनँ ब्लां या द्राक्षाची ड्राय, म्हणजे गोड नसलेली, वाईन होते, ती निवांत प्यायची. आणखी पुढे, अटलांटिकजवळ, माझी मस्कादे. तिच्या लेबलवर ‘सुर ली’ असेल तर ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवून मग बाटलीत भरलेली असते. त्याने चवीला गोलाई येते. 2011 मध्ये क्लिसों, गोर्झ आणि ल पाले या मस्कादेच्या तीन गावांना लेबलवर स्वतःचं नाव लावायची मान्यता मिळाली. त्यातल्या क्लिसों आणि गोर्झच्या वाईन किमान दोन वर्षं गाळावर राहतात. मस्कादे म्हणजे पाणचट, असं माझ्यासारखं ज्यांना वाटलं असेल त्यांनी यातली एक जरूर उघडावी.

बाटली हातात आली की मी आधी मागची बाजू वाचते. पुढच्या लेबलवर नाव आणि चित्र असतं, कामाचं बरंचसं मागे किंवा बारीक अक्षरांत असतं. फ्रेंच बाटलीवर ‘मिझ आं बुतेय ओ दोमेन’ म्हणजे ज्याची वाईन त्याच्याच आवारात बाटलीत भरलेली. जर्मन बाटलीवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ हा शब्द शोधा. तिथे द्राक्षं त्याच मळ्याची असावी लागतात. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ मात्र शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही लिहू शकतात. सहकारी वाईन वाईट असते असं मी म्हणत नाही, काही फार सुंदर असतात. पण एका माणसाचा हात चाखायचा असेल तर हा फरक ठाऊक हवा. शांपेनवर आरएम ही अक्षरं दिसली तर स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच वाईन करणारा शेतकरी, एनएम दिसली तर द्राक्षं विकतही घेणारं घराणं. दक्षिण आफ्रिकेत ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’चा शिक्का किमान 35 वर्षं वयाच्या वेलींच्याच वाईनला मिळतो, आणि त्यावर लागवडीचं सालही असतं. तिथल्या जुन्या वेलींची शेनँ मी दिसली की सोडत नाही.

मागच्या बाजूला आणखी एक नाव असतं: आयातदाराचं. एकाच आयातदाराच्या दोन बाटल्या मला आवडल्या, तर तिसरी मी डोळे मिटून घेते. चांगला आयातदार स्वतः मळ्यांत जाऊन, चाखून माल निवडतो; त्याची जीभ आपल्या जिभेशी जुळली की निम्मा शोध संपला.

विकणाऱ्याला ‘चांगली पांढरी द्या’ म्हटलं तर तो खपणारं नाव पुढे करणार, त्यात त्याचा दोष नाही. मी असं सांगते: शाब्ली (शार्दोनेचीच एक वाईन) आवडते, तशीच ड्राय आणि धारदार हवी, लाकडाचा वास नको, पण द्राक्ष दुसरं हवं. मग तो जरा थांबतो, विचार करतो आणि मागच्या फळीवरचं काहीतरी काढतो. ग्रीसमधल्या सांतोरिनीची, असिर्तिको द्राक्षाची वाईन मला अशीच मिळाली. त्या ज्वालामुखीच्या बेटावर वारा इतका असतो की वेली जमिनीलगत टोपलीसारख्या गुंडाळून वाढवतात आणि घड टोपलीच्या आत पिकतात. एवढ्या उन्हातही त्या द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो.

काही वाण तर एखाद्या माणसाच्या हट्टामुळेच उरलेत. इटलीच्या पिएमोंतमधलं तिमोरास्सो कटकटीचं द्राक्ष, पीक बेभरवशाचं. शेतकऱ्यांनी ते काढून सोपं, भरपूर पिकणारं कोर्तेझे लावलं. 1980 च्या दशकात तिथले वाईन बनवणारे वॉल्टर मास्सा यांनी तिमोरास्सो पुन्हा हाती घेतलं आणि आज तिथल्या तोर्तोनाच्या टेकड्यांवर इतरही शेतकरी ते लावतात. अशा वाईनमध्ये मला मध आणि दगड एकाच घोटात सापडतात.

घरी आणल्यावर एकटी बाटली उघडू नका. शेजारी ओळखीची एखादी ठेवा, दोन्ही आलटून पालटून चाखा. आंबटपणा किती, घोटानंतर चव किती वेळ टिकते, हे तुलनेतच कळतं. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. काही वाईन दुसऱ्या दिवशीच बोलायला लागतात. तळाशी काचेच्या कणांसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक असतात. मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बाटली बुचामुळे बिघडलेली आहे. तिच्यावरून बनवणाऱ्याला जोखू नका, दुसरी मागा.

आणि एखादी आवडली तर दोन घ्या. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियों (हेही पांढरं द्राक्ष) लवकर तोडलेल्या द्राक्षांची असते, अल्कोहोल बहुधा 10-11 टक्के. कोवळी असताना अगदी सडसडीत. दहा वर्षांनी, लाकडाचा स्पर्शही नसताना, तिला भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो. 2019 च्या जोडीतली एक मी लगेच उघडली होती. वहीत लिहिलंय: ‘लिंबू, गवत, फार काही नाही.’ दुसरी कपाटात अंधारात आडवी ठेवली आहे.