‘सोर्डक्वेस्ट: अर्थवर्ल्ड’ आज कसा सोडवावा

अटारी कंपनीच्या ‘अटारी २६००’ या गेम-यंत्रासाठी १९८२ साली आलेला ‘सोर्डक्वेस्ट: अर्थवर्ल्ड’ हा व्हिडिओ गेम नुसता पडद्यावर खेळून सुटत नाही, कारण त्याचे निम्मे कोडे सोबत दिलेल्या, डीसी या प्रकाशनाच्या कॉमिकमध्ये (चित्रकथेत) दडवलेले आहे. तेव्हा गेमचे जुने कार्ट्रिज (यंत्रात घालायची डबी) मिळाले असो वा २०२२ चा ‘अटारी ५०’ हा जुन्या गेमचा संग्रह घेतला असो, जॉर्ज पेरेझ यांनी रेखाटलेले ते कॉमिक हाताशी असल्याखेरीज सुरुवात करू नये.

गेममध्ये बारा राशींच्या बारा खोल्या आहेत. एका खोलीतील वस्तू उचलून दुसरीत ठेवायच्या असतात आणि योग्य वस्तू योग्य खोलीत एकत्र आल्या की पडद्यावर दोन आकडे उमटतात. त्यांतला पहिला कॉमिकच्या पानाचा आणि दुसरा त्या पानावरील चौकटीचा क्रमांक असतो, व त्या चौकटीच्या चित्रात एक शब्द लपवलेला असतो. कोणत्या वस्तू कुठे चालतील याचा अंदाज राशींच्या स्वभावावरून थोडाफार बांधता येतो, पण माझ्या मते खरा आधार वहीचाच आहे: प्रत्येक खोलीत काय ठेवले आणि काय घडले याची नोंद केली नाही, तर तेच तेच प्रयत्न पुन्हा होत राहतात. काही खोल्यांच्या दारात चपळाईची छोटी आव्हाने येतात. ती सरावाने जमतात.

खरी मेख पुढे आहे. असे एकूण दहा शब्द सापडतात, परंतु त्यांतले पाचच खरे आहेत. गेमसोबत छापून दिलेल्या साहित्यात ‘प्राइम’ आणि ‘नंबर’ हे दोन शब्द जांभळ्या रंगात छापलेले आहेत, आणि त्यांचा अर्थ असा की मूळ संख्येच्या पानांवरील शब्द तेवढे घ्यावेत. तेव्हा अटारीने या कोड्याचे उत्तर पाठवण्याची बक्षिसांची स्पर्धा ठेवली होती, आणि या एका खुणेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे असंख्य स्पर्धकांची उत्तरे चुकली. बरोबर उत्तर पाठवणारे अवघे आठ जण निघाले. त्यांची अंतिम फेरी १९८३ साली झाली आणि विजेत्याला २५,००० डॉलर किमतीचे सोन्याचे पदक मिळाले. ‘सोर्डक्वेस्ट’ गेममालिकेतील पुढची बक्षिसे मात्र अटारीची मालकी बदलल्यावर १९८४ मध्ये अर्ध्यावरच थांबली, याची खंत आजही वाटते.

ते उत्तर मी येथे मुद्दाम देत नाही. पाच शब्द हाती आल्यावर त्यांचे अर्थपूर्ण इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत ते मागेपुढे लावून पाहावेत.